अल्गोलमधला हलका तारा आधी म्हातारा कसा झाला?

मृणाल_सातारा

नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. यंदा बारावीच्या काही मुलांना घेऊन रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांचा छोटा प्रकल्प करायचा आहे आणि नुसत्या डोळ्यांनी जमेल असा म्हणून ययाती तारकासमूहातला अल्गोल निवडला. ग्रहणाचा भाग मुलांना लगेच पटला. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद तारा तेजस्वी ताऱ्याला झाकतो आणि प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते. गाडी अडली ती पुढे.

मुलांनी दोन्ही ताऱ्यांची माहिती शोधून तक्ता केला. तेजस्वी, निळसर तारा: वस्तुमान सूर्याच्या साधारण ३.२ पट, त्रिज्या २.७ पट, अजून मुख्य क्रमावर, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळतोय. दुसरा नारिंगी: वस्तुमान ०.७ पट, पण त्रिज्या ३.५ पट, मुख्य क्रम सोडून फुगलेला. आणि आदल्याच आठवड्यात मी वर्गात सांगितलेलं की जड तारा इंधन भराभर संपवतो, म्हणून तोच आधी म्हातारा होतो. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे उलटं कसं?" तिचं बरोबरच आहे. ०.७ पट वस्तुमानाच्या एकट्या ताऱ्याला मुख्य क्रम सोडायला विश्वाच्या आजच्या वयाहून जास्त काळ लागतो.

एका ताऱ्याचं वस्तुमान दुसऱ्याकडे गेलं, एवढं उत्तर वाचलं आहे. पण तेवढ्यावर मुलं गप्प बसणार नाहीत आणि माझंही समाधान होत नाही. तारा आपलं द्रव्य स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं धरून ठेवतो, मग ते सुटतं कसं? सुटलेला वायू दुसऱ्या ताऱ्यावर सरळ पडतो की त्याच्याभोवती फिरतो? आणि हे कुणी प्रत्यक्ष पाहिलं आहे, की तक्ता जुळावा म्हणून मांडलेली कल्पना आहे?

निशाचर

मॅडम, दोन्ही तारे एकत्रच जन्मले हे आपण गृहीत धरतोय. म्हातारा तारा आधीपासून असेल आणि नंतर जन्मलेल्या जड ताऱ्यानं त्याला जवळून जाताना पकडलं असेल, तर वयाचा प्रश्नच उरत नाही. वस्तुमान इकडून तिकडे नेण्यापेक्षा मला हे सोपं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

सांडवा_नाशिक

मृणालताई, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी नोकरीभर पाटबंधाऱ्याच्या कामात होतो, त्यातही जास्त करून सांडव्यांच्या. निवृत्तीनंतर रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ठेवतो. तुमच्या प्रश्नात माझे दोन्ही जिव्हाळ्याचे विषय एकत्र आले आहेत, तेव्हा उत्तर लांबेल.

आधी निशाचर यांचा मुद्दा. अल्गोल एकटाच असा असता तर पकडण्याची गोष्ट निदान विचारात घेता आली असती. पण या जातीचे शेकडो जोडतारे माहीत आहेत आणि सगळ्यांत एकच खूण दिसते: हलका तारा फुगलेला, जड तारा तरुण. योगायोगानं पकडले असते तर काही जोड्यांत जड तारा म्हातारा निघाला असता, काहींत दोघंही तरुण. शिवाय आपल्या शेजारच्या आकाशात तारे इतके विरळ आहेत की एकानं दुसऱ्याच्या इतक्या जवळ येणं आणि वर अडकून राहणं जवळजवळ अशक्य आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, फुगलेल्या ताऱ्याचा आकार वाटेल तेवढा नसतो. तो एका ठरावीक मापाला येऊन थांबलेला असतो. १९५५ साली झ्देनेक कोपाल यांनी जवळच्या जोडताऱ्यांची वर्गवारी करताना नेमकी ही गोष्ट पुढे आणली. त्याच वर्षी जॉन क्रॉफर्ड यांनी सुचवलं की आजचा हलका तारा मुळात जड होता.

ते माप कुठून येतं? एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या माँपेलिए इथले गणिती एदुआर रोश यांनी त्याचा पाया घातला. जोडीबरोबर फिरणाऱ्या माणसाच्या नजरेनं पाहा. एका ताऱ्याची ओढ, दुसऱ्याची ओढ आणि फिरण्यामुळे बाहेर फेकणारं बल, तिन्ही एकत्र केली की प्रत्येक ताऱ्याभोवती एक हद्द तयार होते. हद्दीच्या आत द्रव्य त्या ताऱ्याचं. दोन्ही हद्दी जिथे टोकाला टोक लावून भेटतात, तिथे ओढ कुठल्याच बाजूला नसते. त्याला पहिला लाग्रांज बिंदू म्हणतात. तारा आपल्या हद्दीत मावतो तोवर काही होत नाही. म्हातारपणी फुगून हद्द भरली की त्या टोकावरचा वायू धरून ठेवायला काही उरत नाही. ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण कमी होत नाही. त्या एका ठिकाणी शेजाऱ्याची ओढ आणि फिरणं मिळून त्याला पुरे पडतात.

हे मुलांकडून करून घेता येईल. एकूण वस्तुमान ३.८७ (तक्त्यातल्या ३.२ चा नेमका आकडा ३.१७, अधिक ०.७) आणि आवर्तकाळ २.८६७ दिवस घालून केप्लरच्या तिसऱ्या नियमानं दोन ताऱ्यांमधलं अंतर काढा. सुमारे ९३ लाख किलोमीटर येतं, म्हणजे सूर्याच्या १३.३ त्रिज्या. आता हद्दीची त्रिज्या: हलक्या ताऱ्याचं वस्तुमान भागिले एकूण वस्तुमान, त्याचं घनमूळ, गुणिले ०.४६२, गुणिले अंतर. हे जवळपासचं सूत्र आहे, पण या जोडीला चालतं. ०.७ ला ३.८७ नं भागलं की ०.१८१, घनमूळ ०.५६६, आणि शेवटी उत्तर सूर्याच्या ३.५ त्रिज्या. तुमच्या तक्त्यात नारिंगी ताऱ्याची त्रिज्या काय आहे? साडेतीन! ग्रहणावरून मोजलेली त्रिज्या आणि वस्तुमानांवरून काढलेली हद्द, दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकाच आकड्यावर आल्या. हे पहिल्यांदा वहीत करून पाहिलं तेव्हा माझी सगळी शंका फिटली.

आता वायू कसा वाहतो. इथे मला सांडव्याशिवाय दुसरं उदाहरण सुचत नाही, आणि हे नुसतं वरवरचं साम्य नाही, दोन्हीकडचं गणितही एका घराण्यातलं आहे. धरणाचं पाणी सांडव्याच्या माथ्यावर येतं तोवर संथ असतं. माथ्यावर त्याचा वेग तिथल्या लाटेच्या वेगाइतका होतो आणि पलीकडे ते लाटेहून वेगानं उतरतं. त्यामुळे खाली काय चाललंय याची खबर उलटी वर जलाशयात पोचत नाही. लाग्रांज बिंदूवर हेच घडतं, फक्त लाटेच्या जागी ध्वनी. फुगलेल्या ताऱ्यातून वायू तिथवर हळूहळू सरकत येतो, बिंदू ओलांडताना ध्वनीच्या वेगाला पोचतो आणि पलीकडे ध्वनीहून वेगानं घसरत जातो. साडेचार हजार अंशांच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५ ते ६ किलोमीटर असतो. म्हणजे सुरुवात अगदी सावकाश आहे.

किती वायू जाईल हे पातळीवर ठरतं. सांडव्यावरून जाणारा विसर्ग पाण्याच्या उंचीच्या दीडाव्या घातानं वाढतो. ज्या ताऱ्यांचं बाहेरचं आवरण अल्गोलच्या नारिंगी ताऱ्यासारखं उकळतं असतं, त्यांच्यात तो हद्दीच्या वर आलेल्या थराच्या जाडीच्या घनानं वाढतो. जाडी दुप्पट झाली की विसर्ग आठपट. त्यामुळे तारा हद्दीच्या फार बाहेर जाऊच शकत नाही. जरा वर आला की भराभर ओततो आणि पुन्हा काठावर येतो. आकार हद्दीला चिकटून राहतो तो यामुळे.

धारेची रुंदीही काढता येते. ध्वनीचा वेग भागिले एका ताऱ्याचा दुसऱ्याभोवतीचा वेग, आणि तो वेग इथे सेकंदाला सुमारे २३५ किलोमीटर आहे. उत्तर अंतराच्या दोनेक टक्के, म्हणजे सुमारे दोन लाख किलोमीटर. ९३ लाख किलोमीटरच्या मानानं ही धार बारीकच म्हणायची.

दुसरा प्रश्न, सरळ पडतो का? नाही. सगळी जोडी फिरते आहे आणि निघालेला वायू त्या फिरण्याचा संवेग घेऊनच निघतो. कोरिऑलिस बलामुळे, म्हणजे फिरत्या जोडीच्या नजरेनं चालत्या वस्तूला बाजूला वळवणाऱ्या बलामुळे, धार दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवरून ढळते. निघतानाच सुमारे २० अंशांचा कोन होतो आणि पुढे ती वळतच जाते. स्टीफन लुबाउ आणि फ्रँक शू यांनी १९७५ मध्ये या धारेचं गणित व्यवस्थित मांडलं. धार ताऱ्याला चुकवून मागे गेली तर वळसा घेऊन स्वतःवरच आदळते आणि ताऱ्याभोवती चकती तयार होते. नाही चुकली तर थेट ताऱ्यावर. अल्गोलसाठी आकडे टाकले तर धार जड ताऱ्याच्या केंद्रापासून सूर्याच्या सुमारे १.३ त्रिज्यांवरून जायला पाहिजे. पण ताऱ्याचीच त्रिज्या २.७ आहे. म्हणजे चुकवायला जागाच नाही. वायू सेकंदाला ५०० किलोमीटरच्या आसपास वेगानं ताऱ्याच्या कडेवर तिरका आदळतो. सुरुवातीचे ५ किलोमीटर आठवा आणि हे ५०० पाहा. मधली सगळी ऊर्जा उताराची आहे.

राहिला पाहण्याचा प्रश्न. अल्गोलच्या दोन ताऱ्यांना दुर्बिणीत वेगळं पाहणं फार अवघड आहे, पण वायूचा वेग वर्णपटात दिसतो. आल्फ्रेड जॉय यांनी १९४२ मध्ये वृषभेतल्या आर डब्ल्यू टॉरी या अशाच जोडताऱ्याचे वर्णपट ऐन ग्रहणात घेतले. तेजस्वी तारा पूर्ण झाकला गेल्यावरही हायड्रोजनच्या उजळ रेषा उरल्या होत्या. ग्रहणाच्या सुरुवातीला त्या एका बाजूला सरकलेल्या आणि शेवटी दुसऱ्या बाजूला. याचा अर्थ ताऱ्याभोवती फिरणारा वायू आहे, आणि त्याची एक कड आधी दिसते, दुसरी नंतर. वेग निघाला सेकंदाला ३५० किलोमीटर. ऑटो स्ट्रूव्ह यांनीही त्याच काळात बीटा लायरी या दुसऱ्या जोडताऱ्याच्या वर्णपटातून वायूच्या धारा मांडल्या. पुढे १९८८ मध्ये कीथ हॉर्न आणि टॉम मार्श यांनी डॉप्लर टोमोग्राफीची पद्धत दिली. जोडीच्या फिरण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे वर्णपट एकत्र करून वायूच्या वेगांचा नकाशा बनवायचा. जमैकात जन्मलेल्या मर्सिडीज रिचर्ड्स यांनी ती पद्धत अल्गोलसारख्या जोड्यांना लावली आणि वाकडी धार नकाशात उमटली. गणितानं जिथे सांगितली होती, तिथेच. ताई, तुमच्या वर्गातल्या त्या मुलीला रिचर्ड्स यांचं नाव जरूर सांगा.

मृणाल_सातारा

काका, मनापासून आभार. ३.५ चा हिशेब मुलांनी आज फळ्यावर केला, आकडा जुळल्यावर वर्गात टाळ्या पडल्या. पण त्यातून नवा प्रश्न आला, आणि तो मलाही सोडवता आला नाही. आजचा हलका तारा मुळात जड होता हे मान्य. तो देत गेला, दोघं सारखे झाले. मग तिथेच का थांबलं नाही? सारखे झाल्यावरही तो देतच राहिला आणि ०.७ वर आला, असं का? आणि एवढं गमावूनही तो फुगलेलाच कसा?

सांडवा_नाशिक

ताई, फुगलेला कसा याचं उत्तर आधी देतो, ते छोटं आहे. तो मूळचा जड तारा असताना त्याच्या पोटात हेलियमचा गाभा तयार झाला. बाहेरचं आवरण गेलं तरी गाभा तसाच आहे आणि त्याच्या भोवतीच्या थरात हायड्रोजन जळतो आहे. अशा ताऱ्याचा आकार मुख्यतः गाभ्यावर ठरतो. एकट्या ०.७ वस्तुमानाच्या ताऱ्याशी त्याची तुलनाच होत नाही, कारण पोटात एका मोठ्या ताऱ्याचा गाभा आहे. आवरण संपेल तेव्हा उरेल तो हेलियमचा श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा लहानसा, घट्ट गाभा.

आता का थांबत नाही. वस्तुमान जातं तशी कक्षाही बदलते, सगळी गंमत त्यात आहे. एकूण वस्तुमान आणि एकूण कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) जोडीतच राहिले असं धरा. मग दोन ताऱ्यांमधलं अंतर दोन वस्तुमानांच्या गुणाकाराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात राहतं, आणि आवर्तकाळ त्याच गुणाकाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. बेरीज कायम असताना गुणाकार सगळ्यात मोठा कधी होतो? दोन्ही सारखे असताना. ३ आणि १ चा गुणाकार ३, २ आणि २ चा ४. म्हणजे जड तारा हलक्याला देत असतो तेव्हा कक्षा आक्रसते. ३ आणि १ पासून २ आणि २ पर्यंत अंतर ५६ टक्क्यांवर येतं. देणारा तारा काठोकाठ भरलेला, आणि त्याची हद्दच लहान होत चाललेली! मग तो आणखी ओततो, हद्द आणखी आक्रसते. हा टप्पा भयंकर वेगाचा असतो, अशा ताऱ्यांच्या बाबतीत काही लाख वर्षांत उरकतो. त्या भरात वस्तुमानं सारखी होऊन पुढे उलटतात. सारखं होणं हा थांबण्याचा बिंदू नाही, तिथे कक्षा फक्त सगळ्यात लहान असते.

उलटल्यावर हलका तारा जडाला देतो, तेव्हा कक्षा पसरते आणि हद्द मोठी होते. ओतणं आपोआप मंदावतं. पण थांबत नाही, कारण तारा म्हातारपणानं हळूहळू फुगतोच आहे आणि हद्द पुन्हा पुन्हा गाठतो आहे. हा सावकाश टप्पा कोट्यवधी वर्षं चालतो. म्हणूनच आकाशात आपल्याला अल्गोलसारखे इतके दिसतात आणि वेगाच्या टप्प्यातले क्वचित.

क्वचित दिसणारा, पण जवळजवळ हातात सापडलेला म्हणजे स्वरमंडलातला बीटा लायरी, अभिजितच्या जवळच. तो उलटापालट होऊन गेल्यावरही अजून वेगात आहे. देणारा सूर्याच्या सुमारे ३ पट, घेणारा १३ पट, आणि घेणारा जाड चकतीत दडलेला. आवर्तकाळ १२.९४ दिवस, आणि तो दर वर्षी १९ सेकंदांनी वाढतो. वरच्या नियमातून मुलांना वायूचा हिशेब काढू द्या. वर्षाला १९ सेकंद भागिले १२.९४ दिवसांचे सेकंद, म्हणजे १ कोटीला १७० भाग. याला वस्तुमानांच्या फरकाला (१० ला) गुणाकारानं (३९ नं) भागून आलेल्या ०.२५६ च्या तिपटीनं भागायचं. उत्तर दर वर्षी सूर्याच्या सुमारे २.२ लक्षांश भाग, म्हणजे वर्षाला सातेक पृथ्व्यांइतका वायू! घड्याळाच्या १९ सेकंदांवरून एवढं कळतं. जॉन गुडरिक या ऐकू न येणाऱ्या तरुणानं १७८४ मध्ये या ताऱ्याचं बदलणं शोधलं, तेव्हापासून आवर्तकाळात तासाहून जास्त भर पडली आहे.

अल्गोललाही हाच नियम उलटा लावून पाहा, पण इथे सावध राहायचं. आजचा गुणाकार २.२२, वस्तुमानं सारखी असती तर ३.७४. गुणोत्तर १.६९, त्याचा घन ४.८. म्हणजे सारखे असताना आवर्तकाळ २.८६७ भागिले ४.८, सुमारे १४ तास. अंतर सूर्याच्या ४.७ त्रिज्या आणि प्रत्येकाची हद्द १.८. पण सूर्याच्या १.९ पट ताऱ्याची त्रिज्या तरुणपणीच १.६-१.७ असते, म्हातारपणाकडे झुकलेल्याला त्यात मावताच येणार नाही. दोघं एकमेकांत मिसळून गेले असते. मग सुरुवातीला धरलेलं चुकतंय, सगळं जोडीतच राहिलं हे. काही वस्तुमान आणि बराच कोनीय संवेग जोडीच्या बाहेर गेला असला पाहिजे. अभ्यासकांची प्रारूपंही हेच सांगतात. मला हा भाग सगळ्यात आवडतो. नियम साधा आहे, आणि तो कुठे मोडतो हे बारावीचा मुलगा वहीत शोधून काढू शकतो.

जुन्नरकर

फार छान धागा. आमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं अशा ताऱ्यांवर काही काम केलं आहे का? लहानपणापासून त्या डिशा पाहतोय, म्हणून विचारलं.

सांडवा_नाशिक

केलं आहे. भुजंगधारीतला आरएस ओफियुकी २००६ मध्ये पेटला तेव्हा १.४ गिगाहर्ट्झच्या खालच्या वारंवारितेत त्याचं रेडिओ उत्सर्जन पहिल्यांदा जीएमआरटीनंच टिपलं. त्या जोडीत लाल राक्षसी तारा आणि श्वेत बटू आहे, आवर्तकाळ सुमारे ४५४ दिवस. श्वेत बटूवर जमलेला हायड्रोजन काही वर्षांनी एकदम पेटतो: १९८५, २००६, २०२१. तिथे वायू जायची तऱ्हा जरा वेगळी आहे. लाल ताऱ्याचा वाराच इतका दाट असतो की त्यातलं बरंच द्रव्य शेजाऱ्याच्या ओढीत सापडतं. स्फोटाचा धक्का त्याच वाऱ्याला जाऊन आदळतो, आणि रेडिओ लहरी निघतात त्या तिथून. २०२१ मधला स्फोट ऑगस्टचा, आपल्याकडे सगळं ढगांत गेलं याची मला आजही हळहळ वाटते.

निशाचर

पकडण्याची कल्पना मी मागे घेतो, शेकडो जोड्यांचा मुद्दा पटला. एक विचारतो. अल्गोलचा आवर्तकाळ वाढतोय का, हे मॅडमच्या मुलांना मोजता येईल का? आणि निरीक्षण नेमकं कसं करायचं?

सांडवा_नाशिक

आवर्तकाळ वाढतोय का ते मोजायच्या फंदात मुलांना पाडू नका. अल्गोलमध्ये आता ओतणं फार मंद आहे, आणि ग्रहणाच्या वेळा दुसऱ्याच कारणांनी पुढे-मागे होतात. एक म्हणजे तिसरा तारा, जो ६८० दिवसांत या जोडीभोवती फेरी मारतो. त्यामुळे जोडी कधी जरा जवळ, कधी जरा लांब, आणि प्रकाश यायला लागणारा वेळ बदलतो. दुसरं म्हणजे नारिंगी तारा स्वतःभोवतीही २.८७ दिवसांतच फिरतो. उकळत्या आवरणाच्या ताऱ्याला एवढा वेग असला की चुंबकत्व जबरदस्त होतं. अल्गोलच्या रेडिओ आणि क्ष-किरणांच्या भडक्यांचं मूळ त्यातच आहे, आणि कक्षेच्या लहानमोठ्या चढउतारांशीही त्याचा संबंध जोडतात.

एक ग्रहण नीट पकडणं मात्र सहज जमतं. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत, ययाती रात्री चांगला वर असतो. सातारा-नाशिककडून तो उत्तरेला साठ-सत्तर अंशांपर्यंत चढतो, तेव्हा गच्चीवरून झाडांची अडचण होत नाही. ग्रहण साधारण दहा तासांचं: पाच तास उतरायला, पाच चढायला. शिवाय २ दिवस २० तास ४९ मिनिटं म्हणजे तीन दिवसांना ३ तास ११ मिनिटं कमी. आज पहाटे ४ वाजता तळ, म्हणजे तारा सगळ्यात मंद असण्याचा क्षण, आला तर तीन रात्रींनंतर १२.४९ ला आणि त्याच्या पुढच्या वेळी रात्री ९.३८ ला. पालकांना विचारून यातली शेवटची रात्र घ्या.

मुलांनी दर अर्ध्या तासानं अंदाज लिहायचा. अल्गोल पूर्ण तेजावर असताना तुलनेला देवयानीतला गॅमा, प्रत २.१. उतरायला लागला की ययातीतलाच एप्सिलॉन, प्रत २.९, आणि तळाजवळ कप्पा, प्रत ३.८. अल्गोल या दोघांच्या मध्ये कुठे आहे ते ठरवायचं. प्रत्येकानं एकमेकांना न विचारता स्वतंत्र लिहायचं, आणि वेळ मोबाइलवरून मिनिटापर्यंत टिपायची. सगळ्यांचे अंदाज एका आलेखावर मांडले की तळाची वेळ पंधरा-वीस मिनिटांच्या आत सांगता येते.

दुसऱ्या ग्रहणाची, म्हणजे नारिंगी तारा मागे जातो त्याची, वाट पाहू नका. ते डोळ्यांना कळण्याइतकं नसतं. आणि ताई, अल्गोलच्या अगदी शेजारचा ऱ्हो पर्सेई तुलनेला अजिबात घेऊ नका. तो हाताशी असतो म्हणून मुलं हटकून तोच धरतात, पण तो स्वतःच रूपविकारी आहे, ३.३ ते ४.० मध्ये फिरतो.

मृणाल_सातारा

कप्पा कुठला ते नकाशात पाहून ठेवलं. नोव्हेंबरमधल्या वेळा काढून इथेच टाकते, काका, तुम्ही एकदा नजर घाला. आलेख झाला की तोही टाकेन.